केसाळ पांढऱ्या पेशी : काचपट्टीवर ओळखू येणारा एक दुर्मीळ रक्तरोग

पावसाळा सरत आला की हिवतापाच्या शोधासाठी आरोग्य कर्मचारी घरोघर फिरतो. तापकरी माणसाच्या बोटाला तो सुई टोचतो, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो, पट्टीवर क्रमांक घालतो आणि ती प्रयोगशाळेकडे रवाना करतो. हे दृश्य खेड्यातील शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहे. त्या पट्टीवर हिवतापाचे परजीवी आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते, आणि त्या कामापुरते ते योग्यही आहे. परंतु रक्ताच्या थेंबात वाचण्यासारखे याहून पुष्कळ काही असते. रक्ताचे काही विकार असे आहेत, की त्यांची पहिली खूण पांढऱ्या पेशींच्या संख्येत न सापडता त्यांच्या रूपात सापडते. रूप ओळखणारा डोळा मिळाला तर रोगी वाचतो. न मिळाला तर वर्षानुवर्षे भलत्याच रोगावरची औषधे घेत राहतो. अशा विकारांपैकी ‘केसाळ पेशींचा ल्युकेमिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराची माहिती येथे मुख्यतः द्यावयाची आहे.

रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू म्हणजेच प्लेटलेट असे तीन घटक असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात आणि बिंबाणू रक्तस्राव थांबवितात. प्रौढ निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी सुमारे ४,००० ते ११,००० असतात. हे तिन्ही घटक हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतात. पांढऱ्या पेशींची एखादी जात बेबंदपणे वाढू लागली की त्या अवस्थेला ल्युकेमिया किंवा रक्ताचा कर्करोग म्हणतात. १८४५ साली एडिंबरो येथे बेनेट यांनी आणि बर्लिन येथे फिरखो यांनी या रोगाचे स्वतंत्रपणे वर्णन केले. पुढे फिरखो यांनी त्याला दिलेल्या नावाचा शब्दशः अर्थ ‘पांढरे रक्त’ असा आहे. त्यांच्या रुग्णांत पांढऱ्या पेशी इतक्या बेसुमार वाढल्या होत्या की रक्ताचा रंगच फिकट दिसत होता.

त्या काळी पेशींना रंग देण्याची विद्या नव्हती. ती १८७० नंतरच्या दशकात जर्मनीतील पाउल एर्लिख यांनी विकसित केली. कापड रंगविण्याच्या कारखान्यांतील कृत्रिम रंग त्यांनी रक्ताच्या पातळ थरावर वापरून पाहिले, आणि निरनिराळ्या पांढऱ्या पेशी निरनिराळे रंग घेतात असे त्यांना दिसून आले. आपल्याकडील प्रयोगशाळांत आजही सर्रास वापरला जाणारा लीशमन रंग १९०१ सालचा आहे. तो सिद्ध करणारे लीशमन हे सैन्यातील डॉक्टर असून त्यांनी काही वर्षे हिंदुस्थानात सेवा केली होती. या रंगाने पेशीचे केंद्रक जांभळे आणि त्याभोवतीचे जीवद्रव्य निळसर किंवा गुलाबी दिसते. पेशीचे रूप वाचावयाचे म्हणजे मुख्यतः या दोन रंगांच्या कडा आणि प्रमाण वाचावयाचे.

पांढऱ्या पेशी कमी करणारा कर्करोग

‘पांढरे रक्त’ या नावामुळे एक समज दृढ झाला आहे. ल्युकेमिया म्हटला की पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात जावयाच्या, असे पुष्कळ सुशिक्षितांनाही वाटते. केसाळ पेशींच्या ल्युकेमियात बहुधा याच्या नेमके उलट घडते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू हे तिन्ही घटक कमी होतात. विकृत पेशी रक्तात थोड्याच उतरतात. त्यांचा मुक्काम असतो अस्थिमज्जेत आणि पानथरीत, म्हणजे प्लीहेत. मज्जेत त्यांनी जागा व्यापली की निरोगी पेशींची पैदास मंदावते, आणि फुगलेली पानथरी उरलेल्या पेशी अडवून ठेवते.

ल्युकेमियाच्या सर्व रुग्णांत या प्रकाराचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे. पाच रुग्णांपैकी सुमारे चार पुरुष असतात आणि वय बहुधा पन्नाशीच्या आगेमागे असते. रोग सावकाश चालतो. प्रथम थकवा येतो, चढण चढताना दम लागतो, जेवताना दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, कारण डाव्या बरगडीखाली वाढलेली पानथरी जठरावर रेटा देत असते. अंगावर निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. वारंवार ताप येतो. मानेतील किंवा काखेतील गाठी मात्र सहसा वाढत नाहीत. हा रोग स्पर्शाने, अन्नपाण्याने वा सहवासाने पसरत नाही. रुग्णाची थाळी-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

आता असा एखादा पन्नाशीतील शेतकरी दवाखान्यात आला तर काय होते, ते पाहावे. तो फिकट दिसतो, म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. पानथरी हाताला लागते, म्हणून हिवतापाचा संशय येतो. हा संशय चुकीचा म्हणता येणार नाही. हिवतापाच्या प्रदेशात वारंवार ताप आलेल्यांची पानथरी वाढते हे इतके ठाऊक होते, की एकेकाळी एखाद्या गावात हिवताप किती मुरला आहे हे मुलांच्या पानथऱ्या चाचपून ठरविले जात असे. शिवाय यकृताचे जुने विकार, काळा आजार, क्षय यांतही पानथरी वाढते. सामान्य रोगाचा विचार आधी करावा, हा वैद्यकातील जुना व शहाणपणाचा नियम आहे. अडचण पुढे येते. हिवतापाची पट्टी निर्दोष निघाली, लोहाच्या गोळ्यांनी सहा महिन्यांत फरक पडला नाही, आणि तरीही विचार पुन्हा त्याच रोगांभोवती फिरत राहिला, तर तो शेतकरी हळूहळू खचत जातो.

क्षयाच्या बाबतीत तर गुंता दुहेरी असतो. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी क्षयाच्या जंतूंना तोंड देण्यात महत्त्वाचे काम करतात, आणि केसाळ पेशींच्या ल्युकेमियात नेमक्या याच पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून अशा रुग्णाला क्षय किंवा त्याच वर्गातील इतर जंतूंचा संसर्ग खरोखरच होऊ शकतो. क्षय सापडला म्हणजे निदान संपले, असे येथे मानून चालत नाही.

पेशीला केस कोठून आले?

या रोगाचा स्वतंत्र रोग म्हणून तपशीलवार अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. बर्था बुरोंकल या मूळच्या पेरू देशातील. त्यांनी वाइझमन व डोन या सहकाऱ्यांसह २६ रुग्णांची लक्षणे, रक्त आणि अस्थिमज्जा यांचे वर्णन केले. नाव मात्र त्यांनी लांबलचक व बोजड ठेवले होते. ‘केसाळ पेशी’ हा शब्द १९६६ मध्ये श्रेक आणि डॉनेली यांच्या लेखामुळे रूढ झाला. त्यांनी रंगवून मारलेल्या पेशींऐवजी जिवंत पेशी एका विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीच्या सर्व बाजूंनी बारीक तंतू निघालेले स्पष्ट दिसले.

रंगविलेल्या पट्टीवर ही पेशी तांबड्या पेशीच्या दीडपट ते दुप्पट दिसते. केंद्रक लांबट गोल किंवा घेवड्याच्या दाण्यासारखे, किंचित बाजूला सरकलेले असते. त्यातील जाळी मऊ, पसरट असते. भोवतीचे जीवद्रव्य भरपूर आणि फिकट निळसर-राखी असते. त्याची कड मात्र तुटक, विस्कटलेली असते. सुती कापडाची कड दशा सुटून जशी दिसते, तशी. हे केस म्हणजे खरे केस नव्हेत. पेशीचे आवरण आतून ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी ताणून धरलेले असते आणि त्या धाग्यांच्या विकृत मांडणीमुळे आवरणाचे बारीक पदर बाहेर निघतात.

अशा पेशी पट्टीवर शंभरात दोन-चारच असू शकतात. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून त्या निसटतात. हिवतापासाठी घेतलेल्या जाड थेंबाच्या पट्टीवर तर त्या ओळखणे अशक्यच, कारण तेथे तांबड्या पेशी पाण्याने मुद्दाम फोडलेल्या असतात आणि त्या प्रक्रियेत पांढऱ्या पेशींच्या कडा शिल्लक राहत नाहीत. यासाठी पातळ पसरलेला, लगेच वाळविलेला थर हवा.

संशय आला म्हणजे मज्जेची तपासणी करतात. कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढून घेण्याचा प्रयत्न होतो, आणि या रोगात पुष्कळदा सुई कोरडीच परत येते. विकृत पेशी आपल्याभोवती बारीक तंतूंचे जाळे विणून घेतात; त्या जाळ्यात मज्जा घट्ट बसते व पिचकारीत येत नाही. नवख्या डॉक्टराला वाटावे, सुई चुकली. काही वेळा मज्जाच सुकली आहे असाही समज होतो, आणि अशा रुग्णावर मज्जा निकामी होण्याच्या निराळ्याच रोगाचे उपचार सुरू होण्याचा धोका असतो. वास्तविक कोरडी सुई हीच येथे खूण असते. मग पोकळ सुईने हाडाचा लहानसा तुकडा काढावा लागतो. त्याच्या पातळ कापात केसाळ पेशी एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या दिसतात. मधोमध केंद्रक, भोवती स्वच्छ मोकळी जागा, तव्यावर फोडलेल्या अंड्यांची रांग मांडावी तशा.

१९७१ मध्ये याम, ली आणि लाम यांनी एका रासायनिक कसोटीची भर घातली. पांढऱ्या पेशींत फॉस्फेटेज नावाचे एक एंझाइम असते. टार्टारिक आम्लाच्या क्षाराने, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लाच्याच क्षाराने, सामान्य पेशींतील या एंझाइमाचे काम बंद पडते. केसाळ पेशींतील एंझाइम मात्र त्या क्षाराला दाद देत नाही. पट्टीवर क्षार टाकून मग रंग दिला की इतर पेशी कोऱ्या राहतात आणि केसाळ पेशी रंगून उठतात. आज मोठ्या रुग्णालयांत या कसोटीची जागा बहुतांशी पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या तपासणीने घेतली आहे. लेसर किरणांच्या झोतापुढून एकेक पेशी नेऊन ती कोणती प्रथिने बाळगते हे त्या यंत्रात मोजतात.

रूपाने फसविणारे इतर विकार

कड विस्कटलेली दिसली की केसाळ पेशीच, असेही नाही. पानथरीत सुरू होणाऱ्या एका लिम्फोमात लसीका पेशींना आखूड तंतू असतात, परंतु ते बहुधा पेशीच्या एखाद-दुसऱ्या टोकाला एकवटलेले असतात. केसाळ पेशींच्या ल्युकेमियाचा म्हणून पूर्वी धरला गेलेला एक निराळा प्रकार आहे. त्यात पांढऱ्या पेशी वाढतात, मोनोसाइट कमी होत नाहीत आणि नेहमीचे औषध फारसे लागू पडत नाही. दोन्ही रोगांत पानथरी मोठी, दोन्हींत पेशी केसाळ. औषध मात्र वेगळे. म्हणून येथे फरक करण्याला शास्त्रीय कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे.

इतर दुर्मीळ जुनाट ल्युकेमियांनाही आपापली चिन्हे आहेत. १९७४ मध्ये लंडनच्या गॉल्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या एका प्रकारात पेशीच्या केंद्रकात एकच ठसठशीत ठिपका, बुबुळातील बाहुलीसारखा, दिसतो आणि पेशींची संख्या सहज लाखाच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात मात्र यातील बी-पेशींच्या प्रकाराला स्वतंत्र स्थान राहिले नाही. एकाच रूपाआड अनेक रोग दडलेले असतात असे आढळून आले. जुनाट न्यूट्रोफिल ल्युकेमियात पेशी पूर्ण वाढलेल्या आणि ठळक कणांनी भरलेल्या असतात, अगदी मोठ्या जंतुसंसर्गात दिसाव्यात तशा. संसर्ग मात्र शोधूनही सापडत नाही. २०१३ साली या रोगामागील जनुकीय दोष उघडकीस आला, तोवर निदानाचा बराच भाग इतर कारणे नाकारण्यातच जात असे.

सर्वांत चकवा देणारा प्रकार मोठ्या कणयुक्त लसीका पेशींचा म्हणावा लागेल. येथे पेशीच्या रूपात दोष असा नसतोच. तशाच पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही थोड्या असतात. त्या महिनोगणती वाढलेल्या राहतात आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी घटत जातात, यावरून संशय घ्यावा लागतो. सांधे सुजविणाऱ्या संधिवाताच्या जुन्या रुग्णांत हा विकार विशेष आढळतो. तोंडात वारंवार व्रण होत असतील आणि ताप येत असेल, तर अशा संधिवाताच्या रुग्णाचे रक्त पट्टीवर पाहिलेच पाहिजे.

सात दिवसांचे औषध

उपचार सापडण्यापूर्वी केसाळ पेशींच्या ल्युकेमियाचे निम्मे रुग्ण निदानानंतर सुमारे चार वर्षांच्या आत दगावत असत. शस्त्रक्रियेने पानथरी काढून टाकणे हा प्रमुख उपाय होता. त्याने रक्तघटक पुष्कळांत सुधारत. मज्जेतील रोग तसाच राही. १९८४ मध्ये इंटरफेरॉन या औषधाचा गुण येतो असे दिसून आले, आणि त्याच सुमारास पेंटोस्टॅटिन हे औषधही पुढे आले.

खरी कलाटणी १९९० साली मिळाली, आणि तिचे मूळ एका सर्वस्वी वेगळ्या आजारात होते. काही बालके जन्मतःच प्रतिकारशक्तीविना येतात. त्यांच्यापैकी काहींत ॲडिनोसीन डिअमिनेज नावाचे एंझाइम नसते, हे १९७२ मध्ये कळले. हे एंझाइम नसले की एक विशिष्ट द्रव्य साचत जाते आणि त्याने लसीका पेशी मरतात. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स क्लिनिकमधील कार्सन, बॉयट्लर आदी संशोधकांनी असा विचार केला, की ज्या द्रव्याने बालकांच्या निरोगी लसीका पेशी मरतात, त्याच धर्तीचे द्रव्य रोगट लसीका पेशी मारण्यास का वापरू नये? कर्करोगावरील पुष्कळ औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींनाच मारतात, आणि केसाळ पेशी तर संथपणे वाढतात. हे नवे द्रव्य, क्लॅड्रिबिन, स्वस्थ बसलेल्या पेशीलाही मारू शकत होते. सात दिवस शिरेवाटे सतत दिलेल्या एकाच मात्रेने पहिल्या १२ रुग्णांपैकी ११ जणांत रोगाचा मागमूस उरला नाही.

भारतातील मोठ्या रुग्णालयांतही हे औषध वापरात आहे. उपचारानंतर बहुतेक रुग्ण सर्वसाधारण आयुष्य जगतात. काहींत बऱ्याच वर्षांनी रोग उलटतो, तेव्हा पुन्हा औषध देता येते. औषधाने काही काळ प्रतिकारशक्ती फार खालावते, म्हणून क्षयासारखा संसर्ग अंगात असल्यास आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

२०११ मध्ये इटलीतील पेरूजा येथील त्याच्ची, फालिनी आणि सहकाऱ्यांनी या रोगाचे जनुकीय मूळ शोधून काढले. एका रुग्णाच्या पेशींत ब्राफ नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेले आढळले. मग त्यांनी आणखी ४७ रुग्ण तपासले, आणि प्रत्येकात तोच बदल होता. पुढे हा बदल नसलेले थोडे रुग्णही सापडले. तथापि एका रोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत नेमका एकच दोष मिळणे ही कर्करोगशास्त्रात विरळा गोष्ट आहे. त्या दोषावर चालणाऱ्या गोळ्याही आता उपलब्ध आहेत. प्रयोगशाळेत केसाळ पेशींवर हे औषध घातले असता त्यांचे केस झडतात व कड गुळगुळीत होते, असे दिसून आले आहे. १९६६ साली ज्या खुणेवरून रोगाला नाव मिळाले, ती खूण त्या एका अक्षराच्या चुकीवर अवलंबून होती.

यंत्र आणि काचपट्टी

आता तालुक्याच्या ठिकाणीही रक्तपेशी मोजणारी यंत्रे आली आहेत. ती मिनिटाभरात हजारो पेशी मोजतात आणि मोजणीत माणसाहून अचूक असतात. परंतु केसाळ पेशी यंत्रापुढून गेली तर ते तिला तिच्या आकारमानावरून मोनोसाइट समजून मोजण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या पेशी रक्तातून नाहीशा झाल्या, त्याच छापील अहवालात पुरेशा असल्याचे दिसते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू यांपैकी दोन किंवा तीन घटक एकाच वेळी कमी निघाले, आणि जोडीला पानथरी वाढलेली असली, तर यंत्राच्या आकड्यांवर न थांबता रक्ताचा पातळ थर तज्ज्ञाच्या नजरेखालून घालविणे आवश्यक आहे. अहवाल हाती आल्यावर रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने ‘पट्टी पाहिली का?’ एवढे विचारण्यास काहीच हरकत नाही. गावातील शिक्षकाला असे अहवाल वाचून दाखविण्याचा प्रसंग पुष्कळदा येतो. त्यानेही हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पट्टी करण्याचे काम ताज्या रक्तावर व्हावे. नळीत तासन्‌तास राहिलेल्या रक्तातील पेशी वेड्यावाकड्या होतात, आणि थर जाड किंवा सावकाश वाळलेला असला तर साध्या लसीका पेशींनाही खोटे केस फुटल्यासारखे दिसतात. थर पसरताच वाऱ्यावर वाळवावा, मेथिल अल्कोहोल असलेल्या रंगाने तो पट्टीवर स्थिर करावा आणि पट्टीच्या कडेला पेन्सिलीने क्रमांक व तारीख लिहावी. एवढे झाले की ती पट्टी लाकडी खाचांच्या पेटीतून जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठविता येते. त्यासाठी अशक्त रुग्णाला लगेच एसटीने दूरचा प्रवास करण्याची गरज नसते. नीट जपलेली पट्टी वर्षांनंतरही पुन्हा पाहता येते, आणि आधी नजरेतून निसटलेली पेशी त्याच पट्टीवर नंतर सापडू शकते.